अडतीस नंबर

आमच्या घरमालकांच्या घरात प्रत्येक वस्तूला नंबर होता. नळांना, खिडक्यांना, दिव्यांच्या बटणांना, अंगणातल्या पेरूच्या झाडालासुद्धा. तांबड्या ऑइलपेंटने, स्वतःच्या हाताने काढलेले आकडे. "साहेब, नळ सातचं वायसर गेलंय," असं ते मला सांगायचे आणि मी आमच्या मोरीत जाऊन बघितलं की नळाच्या वर भिंतीवर खरंच सात असायचा.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली की माणसं हसतात आणि म्हणतात, "मग तुमचं त्यांच्याशी चांगलंच जमलं असेल." कारण मी बँकेत हिशेब तपासतो आणि आकड्यात चूक दिसली की मला जेवण जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन आकडेवाले एका छपराखाली सुखाने राहिले असतील असं लोकांना वाटतं. तसं झालं नाही. आकडे हा आमच्या घरातला माझा प्रांत होता. बीदरजवळच्या नौबादच्या त्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर राहायला गेलो आणि तो प्रांत हळूहळू खालच्या मजल्याकडे सरकला.

सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. मूळचे हुलसूरचे. टेलिफोन खात्यात इंजिनियर होते आणि निवृत्त झाल्यावरही खात्यातच असल्यासारखे वागायचे. मोबाइलवर बोलताना ट्रंककॉल लावल्यासारखे ओरडायचे. कुठलीही वायर हातात आली की टोक जिभेला लावून बघायचे. मी एकदा म्हटलं, "अप्पा, ही चार्जरची वायर आहे, हिच्यात करंट असेल." ते म्हणाले, "म्हणून तर बघायलोय."

त्यांच्या मांजराला मात्र नंबर नव्हता. का, असं माझ्या बायकोने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ते गेटाबाहेर जातंय की वयनी. जे बाहेर जातंय त्याला नंबर कामून द्यायचा?"

बाहेर जाणं त्यांना खपत नसे. स्वतःचं नव्हे, वस्तूंचं. वरच्या मजल्याचा जिना बाहेरून, रस्त्याच्या बाजूने होता. बायकोने पहिल्यांदा त्यांना वाटीभर आमटी नेऊन दिली तेव्हा ती जिन्याने उतरली, गेटाबाहेर पडली, पुन्हा त्यांच्या दारातून आत गेली. आमटी घेताना अप्पा नाराज. "घरातली आमटी रस्त्यावरून कामून आणलाव? घरातलं घरात." दोन दिवसांत मागच्या गॅलरीला कप्पी बसली, दोर आला, दोराला वेताची टोपली आली. तेव्हापासून आमटी, वर्तमानपत्र, चहापत्ती, सगळं टोपलीतून वरखाली. बायको गॅलरीत उभी राहून हाक द्यायची, "अप्पा, टोपली सोडायलेय." त्यांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादला. टोपली वर जाताना ते खाली अंगणात मान वर करून उभे असायचे, ती काठाला लागेपर्यंत.

इथपर्यंत मला काही म्हणायचं नव्हतं. टोपली सोयीची होती.

मग माझी मुलगी बेंगळुरूहून घरी आली. ती वास्तुरचना शिकली आहे आणि जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन त्यांचे नकाशे करणाऱ्या एका ऑफिसात काम करते. ऑफिसने तिला आपल्याकडचं काम दिलं: नौबादची सुरंग बावी. म्हणजे जुन्या काळी जमिनीखालून खणलेला पाण्याचा बोगदा, वर ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडं. शिक्षणापासून इतकी वर्षं ती बाहेर होती, आता घरून काम करणार होती. मी तिच्यासाठी एक मोठा कॉम्प्युटर घेतला. ती बोगद्यात उतरून हजारो फोटो काढायची आणि हा कॉम्प्युटर त्यांचं एक चित्र बांधायचा.

आमच्या मजल्यावर उन्हाळ्यात भट्टी असते. एप्रिल लागला आणि मोठा कॉम्प्युटर तापून आपोआप बंद पडायला लागला. अप्पांना टोपलीतून खबर मिळाली असणार. त्यांची मागची खोली दगडी, भर दुपारी गार. "अक्का, तुझं मशीन खाली आण," ते माझ्या मुलीला म्हणाले. आपल्याकडे कानडीच्या संगतीने लहान मुलीलाही अक्का म्हणतात, त्यात काही वावगं नाही. तरी तिने ज्या वेगाने "ओ" दिली तो मी पाहिला. मी हाक मारली की ती आधी हातातलं काम पुरं करते.

तर मी घेतलेला कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत गेला आणि त्याच्या वरच्या भिंतीवर तांबडा आकडा आला. एकवीस.

अडचण यानंतर सुरू झाली. ऑफिसचा लॅपटॉप वर, तिच्या टेबलावर. मोठा कॉम्प्युटर खाली. दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवणारा एक प्रोग्राम ती वापरायची. खाली चित्र तयार झालं की ते आपोआप वर यायचं. यायला हवं होतं. इंटरनेटची लाइन घरात एकच, अप्पांच्या नावाची, तिचा राउटरचा डबाही खालीच. दोन्ही मशीन त्याच डब्याला जोडलेली. तरी एक फाइल वर यायला दुपार जायची. महिन्याचा डेटा पहिल्या दहा दिवसांत संपायचा, मग लाइन इतकी मंद व्हायची की मीटिंगमध्ये तिचा चेहरा गोठून बसायचा.

तिच्या वरिष्ठ बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं. एक महिना बघू, नाही जमलं तर बेंगळुरूला ये, इथे टेबल रिकामं आहे. जेवताना तिने हे आम्हाला सांगितलं. बायको वाढता वाढता थांबली. मी दुसऱ्या दिवशीपासून लाइनचा वेग मोजायला लागलो.

मी आठवडाभर मोजला. सोमवार ते शुक्रवार मरगळलेला. शनिवार-रविवार तीच फाइल डोळ्याचं पातं लवायच्या आत वर. मी मुलीला आकडे दाखवले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळंच मोजता." आणि खाली गेली, कारण अप्पांनी बोलावलं होतं.

अप्पांचं निदान तयार होतं. "तार." टेलिफोन खात्यात काहीही बिघडलं की आधी तार बघायची, हा त्यांचा बाणा. एका रविवारी सकाळी ते ड्रिल मशीन घेऊन आले आणि दगडी खोलीच्या छतातून थेट माझ्या मुलीच्या टेबलाखाली भोक पाडलं. त्यातून जाड केबल वर आली. आमच्या फरशीवर सिमेंटचा भुगा, बायकोच्या हातात झाडू, आणि भोकाच्या खालून त्यांचा आवाज, "अक्का, दिसायलंय का टोक?"

केबल लॅपटॉपला लावली. फाइल सरकन वर आली. मुलीने टाळ्या वाजवल्या. अप्पा पायजम्यावरची धूळ झटकत म्हणाले, "घरातलं घरात."

"अप्पा, आज रविवार आहे," मी म्हणालो.

"तारेला रविवार ठावं न्हाई साहेब."

सोमवारी दहा वाजता मुलीने ऑफिसचं काम सुरू केलं आणि फाइल पुन्हा लंगडायला लागली. मला आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं होईल.

तेव्हा तिने त्यांना नीट समजावलं. मी गॅलरीत उभा होतो, टोपलीच्या दोराजवळ, तिथे खालचं सगळं ऐकू येतं.

"अप्पा, ऑफिसचा व्हीपीएन सुरू केला की लॅपटॉपमधून जे निघतं ते सगळं आधी बेंगळुरूला जातं. मधे कुणी बघू नये म्हणून. बंद बोगद्यासारखं."

"सगळं?"

"सगळं."

"खालच्या खोलीत यायचं आसलं तरी?"

"तरी. मग प्रोग्रामला खालचं मशीन सापडत नाही, आणि तो बाहेरच्या कुठल्या तरी मशीनमधून वळसा घालून येतो."

अप्पा म्हणाले, "म्हंजे आपल्या सुरंग बावीचं पाणी बेंगळूरला न्हेऊन परत हितल्याच हौदात सोडायलेत. कोन शाना हाय हा?"

ती हसली. इतकं मोकळं हसणं आमच्या मजल्यावर मी बरेच दिवस ऐकलं नव्हतं. शनिवार-रविवारचं जे मी आकड्यांत दाखवलं होतं तेच हे होतं. पण आकड्यांवर कुणी हसत नाही.

अप्पांचा पुढचा उपाय सरळ होता. बोगद्याला घरातच एक भोक पाडायचं. कुणाला तरी विचारून लॅपटॉपची सेटिंग बदलायची, ऑफिसला कळवायचं नाही. "घर आपलं, मशीन आपलं, कामून विचारायचं?"

इथे मात्र मी खाली गेलो. जिन्याने, गेटाबाहेरून. म्हणालो, "लॅपटॉप आपला नाही, ऑफिसचा आहे. न विचारता हात लावला आणि उद्या त्यांनी पकडलं, तर बेंगळुरूचं टेबलही जाईल."

"साहेब, तुमी लई भ्यायलाव."

"भीत नाही. विचारायचं म्हणतोय."

मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मी तिला म्हटलं, "मेल लिहू. मी सांगतो, तू टाइप कर." ती थोडी कुरकुरली, पण बसली. मी मजकूर सांगितला. घरातल्या घरात, फक्त आमच्या दोन मशीनांपुरती वाट उघडी ठेवायला परवानगी मिळेल का. बाकी सगळं बोगद्यातूनच जाईल. आणि महिन्याचा किती डेटा वळशात वाया जातो, तेही. अप्पा बाजूला बसून वायरचा तुकडा चघळत होते. "अर्जच लिव्हा तुमी," ते म्हणाले.

ऑफिसने परवानगी दिली. लॅपटॉपमधली ती सोय त्यांनी स्वतः चालू करून दिली. मुलीने प्रोग्रामला खालचं मशीन घरातल्या जाळ्यातच शोधायला लावलं आणि वळशाने जायची परवानगी काढून घेतली. आता एक तर सरळ जायचं, नाही तर जायचंच नाही.

ते गेलंच नाही.

महिना संपत आला होता. तिने बेंगळुरूच्या मैत्रिणीला खोलीबद्दल विचारलं, हे मला बायकोकडून कळलं. त्या दिवशी ती सकाळीच बोगद्याची मापं घ्यायला गेली होती. मी बँकेतून जेवायला घरी आलो होतो आणि ऑफिसचं ते परवानगीचं उत्तर मोबाइलवर पुन्हा वाचत होतो. मला प्रत्येक कागद दोनदा वाचायची सवय आहे. खाली बारीक अक्षरात त्यांनी आपल्या जाळ्याचा, म्हणजे नेटवर्कचा, पत्ता दिला होता. अशा पत्त्यात चार आकडे असतात. पहिले तीन म्हणजे घर, शेवटचा म्हणजे घरातलं एकेक मशीन. त्यांचे पहिले तीन होते एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक.

हे मी कुठे तरी पाहिलं होतं. जेवण अर्धं ठेवून खाली गेलो. दगडी खोलीत इंटरनेटच्या डब्याच्या वर, भिंतीवर, अप्पांच्या तांबड्या रंगात तेच आकडे. १९२.१६८.१. त्यांनी सगळ्यालाच नंबर घातला होता, डब्याला कसे विसरतील.

"अप्पा, हा नंबर आपलाही आहे आणि ऑफिसचाही आहे."

त्यांनी माझ्या मोबाइलवर बघितलं, भिंतीवर बघितलं, पुन्हा मोबाइलवर. चष्मा काढून पुसला.

"म्हंजे अक्काचा लॅपटॉप खालच्या खोलीला हाक मारायलाय," ते हळू म्हणाले, "आन् बेंगळूरची खोली व्हय म्हणायलीय."

"तसंच दिसतंय. आपला बदलायला हवा. एकाच्या जागी बहात्तर घाला." आळंदला आमच्या मूळ घराच्या चौकटीवर नगरपालिकेचा बहात्तर होता. माझ्या डोक्यात आलेला तो पहिला आकडा.

"अडतीस," अप्पा म्हणाले.

"अडतीस का?"

"हुलसूरला मी पयलं कनेक्शन जोडलो त्याचा नंबर. तितून बीदर लागलं त्या दिवशी बाजारात लोकं माझ्याकडं बघायलेते." आणि ते बोलता बोलता डब्याच्या सेटिंगमध्ये शिरलेही होते. डबा त्यांचा, पासवर्ड त्यांचा. मी वर येऊन हात धुतले.

मुलगी आली, तिने लॅपटॉप उघडला, व्हीपीएन लावला. खांद्यावरची बॅग अजून उतरवली नव्हती. सुरंग बावीचं आख्खं चित्र, जे दुपार खायचं, ते तिच्या समोर येऊन उभं राहिलं. ती बघतच राहिली. तेवढ्यात टेबलाखालच्या भोकातून आवाज आला.

"अक्का, बघ आता. नंबर बदलून टाकलो."

"अप्पा, तुम्ही?" ती ओरडली आणि पळाली. मी जिन्याच्या वरच्या पायरीशी उभा होतो. ती मला घासून गेली. तेव्हा तिला थांबवून सांगता आलं असतं. पण मान मागून घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही, आणि मला वाटलं, अप्पा सांगतीलच.

संध्याकाळी ती ऑफिसातल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "अगं नाही, आमच्या घरमालकांनी केलं. टेलिफोनवाले आहेत... बाबा? बाबांनी मेलमधे मदत केली. त्यांना आकडे बघायला आवडतात."

ती राहिली. बेंगळुरूचं टेबल दुसऱ्या कुणाला तरी गेलं. मला हवं होतं ते झालं, आणि त्यात अप्पांचा हात होता हेही खरं. प्रामाणिक वाटणी करायची तर केबल त्यांची, वळसा तोडला तो मुलीने, परवानगी माझी आणि नंबरही मी हेरलेला. चारातले दोन. माझा एक अंदाज मात्र साफ चुकला. मला वाटलं होतं, फाइली आपोआप वर यायला लागल्या की तिला खाली जायचं कारण उरणार नाही. ती रोज संध्याकाळी चहाला खाली जायला लागली. "अप्पांनी एवढं केलं बाबा, चहाला तरी जायला नको?" मी गॅलरीत पेपर वाचत बसायचो. खालून त्यांचा आवाज यायचा, ट्रंककॉलचा, आणि तिचं हसणं. मी एकदा टोपलीतून बिस्किटं सोडली. "साहेब, तुमी पन या की," अप्पा खालून म्हणाले. मी म्हणालो, मला काम आहे. काम नव्हतं.

पुढे आम्ही स्वतःचं घर बांधलं, नौबादमध्येच, तीन गल्ल्या सोडून. बांधकाम चालू असतानाच अप्पा म्हणाले, "घर तुमी बांधा साहेब. अक्काचं मशीन हितं राहू द्या, खोली गार हाय. ती येऊन जाऊन करंल." आणि माझ्या मुलीने लगेच नाही म्हटलं नाही. तिने विचार केला. चार दिवस. त्या चार दिवसांत मी नव्या घराच्या एका खोलीला दुहेरी भिंत घालून घेतली, खिडकी उत्तरेला केली, वर गच्चीच्या फरशीखाली विटांचा थर टाकला. गवंडी म्हणाला, देवघराला पण एवढं करत नाहीत. ती आली. मशीन आलं.

नव्या घरात इंटरनेटचा डबा लागला त्या दिवशी मी बँकेतून लवकर निघालो. आता डबा माझा होता. बहात्तर घालायचा मी किती दिवसांपासून ठरवलं होतं. पोचलो तर मुलगी म्हणाली, "झालंसुद्धा बाबा. अडतीसच ठेवलाय."

"आपलं घर वेगळं आहे ना आता?"

"घर बदललं म्हणून नंबर कामून बदलायचा?"

कामून. ती आमच्याशी असं कधी बोलत नसे.

वास्तुशांतीला अप्पा आले. सगळं घर हिंडून बघितलं, बटणं दाबून बघितली, नळ सोडून बघितले. नळांवर कुठे नंबर नाही हे त्यांनी मोठ्याने नोंदवलं. मग जेवणं झाली आणि आम्ही दोघंच त्या गार खोलीत, मोठ्या कॉम्प्युटरसमोर बसलो. मुलगी बाहेर बायकांना कुंकू लावत होती.

"नंबर काय ठिवलाव?"

"तिने ठेवला. अडतीस."

अप्पांनी पाणी मागितलं, सगळा तांब्या प्याले.

"साहेब, त्या दिवशी नंबर तुमी हेरलाव. अक्काला ठावं हाय का?"

"नाही."

"तुमी सांगितलाव न्हाई?"

"नाही."

"मी पन न्हाई." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "काम झालं की पोरगी खाली कामून यील? वरच्या वर सगळं मिळायलंय तिला. तुमी तर वरच हाव. म्हणून तेवढं एक ठिवून घेतलो." थोडं थांबून म्हणाले, "आता सांगा तुमी. मला काय."

मी "बघू" म्हणालो.

पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा त्यांना हैदराबादला घेऊन गेला. उंच इमारतीत घर आहे, तिथल्या नळांवर नंबर घालायला सुनेने मनाई केली आहे म्हणे. दर रविवारी मुलगी त्यांना फोन लावते आणि फोन कानापासून लांब धरते, कारण ते अजून तसेच ओरडतात.

"अक्का, अडतीस चालू हाय का?"

"चालू आहे, अप्पा."

"आन् साहेब?"

"इथंच आहेत. पेपर वाचायलेत."

मी अजून तिला सांगितलेलं नाही. दर रविवारी सांगायचं ठरवतो. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघून हसते, आणि त्या हसण्यात त्यांचा वाटा किती आणि माझा किती, हे मला अजून काढता आलेलं नाही.